बूकरची जागा

त्या शनिवारीही ल्यूशस टार्व्हर पहाटे चारला उठला. कागद गिरणीत चौतीस वर्षं काढलेल्या अंगाला दुसरी वेळ ठाऊक नव्हती. कॉलेजच्या कवायती बँडला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून आज जुने वादक मैदानात उतरणार होते.

कॉलेजात ट्रॉम्बोनच्या रांगेत ल्यूशसच्या उजव्या हाताला बूकर असायचा. पुढे दरवर्षी जुन्या वादकांच्या मेळाव्याआधी त्याचा फोन यायचा, “काय रे, तुझ्यावाचून गिरणी बंद पडते काय?”

“शनिवारी दीडपट पगार मिळतो, बाबा. पुढच्या वर्षी नक्की.”

बूकर यंदा मार्चमध्ये गेला.

मैदानावर उजवीकडे फट दिसताच ल्यूशस ती भरायला सरकला. रांगेत फट ठेवायची नाही, हेच तो शिकला होता. मागून अर्लीन, जुनी ढोलवाली, खेकसली, “टार्व्हर, हो मागे! ती बूकरची जागा आहे. गेलेल्याची जागा त्या वर्षी आपण मोकळी ठेवतो. एवढंही माहीत नाही तुला?”

“कधी आलोच नाही, तर माहीत कसं असणार?” म्हणत तो जागेवर परतला.

शिट्टी झाली. आठ पावलांत पाच यार्ड, बँडच्या चालीचं जुनं माप. त्याचं एकही पाऊल चुकलं नाही. पण रांग सरळ ठेवायला उजवीकडे पाहावं लागतं, आणि तिथे नुसतं गवत होतं.

हातातला ट्रॉम्बोन नवाकोरा होता. घर आणि मुलांची शिक्षणं उरकून इतक्या वर्षांच्या शनिवारांच्या दीडपट पगारातलं जे उरलं, त्यातून त्याने तो फेब्रुवारीत, निवृत्त झाल्या आठवड्यात घेतला होता. बूकरशेजारी वाजवायला.