जातो, उस्ताद

चीनच्या लढाईनंतर भरती वाढली आणि माझी बदली बेंगळूरच्या एका ट्रेनिंग सेंटरला झाली. मी हुद्द्याने नाईक, ड्रिल इन्स्ट्रक्टर. घर शहरातच, जुन्या मराठी वस्तीत, त्यामुळे पोस्टिंगवर सगळे जळत. मला मात्र त्या बरॅकीत पहिल्या महिन्यापासूनच काहीतरी बिघडतंय असं वाटे. कामाच्या रेट्यात मी तिकडे काणाडोळा केला.

पाचला बिगुल. साडेपाचला पीटी, आठला परेड. चाळीस रंगरूट, सात-आठ भाषा. हुकूम एकच: हिंदुस्थानीच बोलायची. सोपान आणि गणपत साताऱ्याकडचे, एकाच गावचे. शेजारशेजारच्या खाटांवर बसून मराठीत कुजबुजत. मी सुभेदार साहेबांना म्हणालो, "साब, इन दोनों को अलग कीजिए, तभी सीखेंगे." गणपतला दुसऱ्या प्लाटूनमध्ये पाठवलं. माझी अक्कल तेव्हा फार चालायची.

सोपान गप्प झाला. ड्रिल बिनचूक करी, पण लंगरात ताट तसंच ठेवून उठे. घरची पत्रं न फोडता ट्रंकेत टाकी. सगळ्यांनाच घर आठवतं, होईल सवय, असं मी धरून चाललो. त्याच्याशी मराठीत चार शब्द बोलू शकणारा त्या बरॅकीत मी एकटाच होतो. मी बोललो नाही.

एका रविवारी दुपारी दोनला मी दारात बूट पॉलिश करत होतो. सोपान इस्त्रीच्या वर्दीत समोर उभा राहिला.

"जातो, उस्ताद."

"हिंदुस्थानी में."

त्याने टाचा जुळवल्या. "जाता हूँ, उस्ताद."

"शाबास," मी म्हणालो.

चारच्या गिनतीला एकोणचाळीसांतले अडतीसच भरले. तीन पार्ट्या शोधायला निघाल्या. पावणेसहाला परेड ग्राउंडच्या मागून शिट्ट्या ऐकू आल्या. मी धावत पोचलो तेव्हा त्याच्यावर ब्लँकेट टाकलं होतं.

शोधायला निघालेल्यांत गणपतही होता. त्याने विचारलं, "उस्ताद, जाताना काही बोलला का?"

मी सांगितलं.

"'जातो' म्हणाला? 'येतो' नाही?"

आमच्या घरात 'जातो' म्हणून कोणी उंबरा ओलांडत नाही. शेजारचे कानडी लोकसुद्धा 'बर्तीनि' म्हणजे 'येतो' म्हणूनच निघतात. हे मला लहानपणापासून ठाऊक. त्या दुपारी मला फक्त तो मराठी बोलला एवढंच ऐकू आलं. चौकशीत मी शब्द न् शब्द सांगितला. साहेबांनी लिहून घेतला. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढे गणपत पाकिस्तानच्या लढाईत पडला. सेंटरमधल्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव आहे. सोपानचं नाही, असणारही नाही; आपला जीव आपणच घेतलेल्याचं नाव तिथे कोरत नाहीत. दरवर्षी नावं वाचतात तेव्हा मी जातो आणि गणपतच्या नावानंतर सोपानचं नाव मोठ्याने घेतो.

एकदा एका तरुण कॅप्टनने विचारलं, "ये जवान कहाँ शहीद हुआ?"

"मेरे सामने, साब."