ईडाला कोण उचलणार

कुठंही बसायच्या आधी ईडा त्या जागेवर तळहात दाबून बघायची. खुर्ची असो, बाक असो, कुणाच्या खळ्यातली खाट असो. हात ठेवायची, थोडा जोर द्यायची, मग बसायची. शिलाई मशीनपुढचं फणसाचं स्टूल तर तिचं स्वतःचं, वर्षानुवर्षं तिला पेलत आलेलं. पण रोज सकाळी त्यालाही एकदा विचारल्यासारखं करूनच ती कामाला बसे.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत ईडा आमची शेजारीण. वाडीतल्या मुलींचे फ्रॉक, नवरींची पोलकी, चर्चमधल्या आल्ताराची, म्हणजे वेदीची, कापडं, सगळं तिच्याच मशीनवर व्हायचं. तिनं लग्न केलं नाही. घरात ती आणि आई, आपोलिना. धाकटा भाऊ कायतान मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होता. आपोलिना अंगानं फार जाड, आणि ईडाही लहानपणापासून तशीच. खाणं मात्र दोघींचं बेताचं. सकाळी पेज, दुपारी भात आणि असलं तर माशाचं कालवण. विहिरीवर बायका विचारत, "मगे वारो खातंस काय गो?"

"होय तर," ईडा म्हणायची. "हयचो वारो खारो. अंगाक लागता."

कुणी हसायच्या आत आपणच हसवून टाकायची तिची रीत होती. शेजारचा रॉक मच्छीमार, तिच्याच वयाचा. तो कधी म्हणाला की चल, होडीतून मालवणात सोडतो, तर ती म्हणायची, "माका घेवन बुडशीत रॉका, आणि माशे हसतले."

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात आपोलिना गेली. आमचं चर्च टेंबावर, छोट्या टेकडीवर आहे. खालच्या वाटेपासून वरपर्यंत चिऱ्याच्या पायऱ्या, आणि पावसात त्यांच्यावर हिरवं शेवाळ धरतं. शवपेटी खांद्यावर न्यायला नेहमी चार माणसं लागत. त्या दिवशी सहा लागली, आणि ती सगळी समुद्रावरची माणसं. निम्म्या चढावर पेटी खाली ठेवावी लागली. पुन्हा उचलताना सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून कुणीतरी आवाज दिला, "हो, हैसा!" बाकीच्यांनीही सवयीनं तोच ओढला. होडी वाळूवर ओढताना देतात तोच आवाज. पुढं कुणाचा तरी पाय सरकला, पेटी कलली, सावरली, आणि त्या गडबडीत एक हसणं ऐकू आलं. छोटंसं, लगेच गिळलेलं.

ईडा पेटीच्या मागून चालत होती. वर्षश्राद्धासारखा चर्चमध्ये जो मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, होतो, त्या दिवशी तिनं सहाही जणांना घरी जेवायला बोलावलं आणि स्वतः वाढलं.

पुढच्या वर्षांत तिचे गुडघे दुखू लागले. आधी ती पायऱ्यांवर दोनदा थांबायची, मग दर पायरीला. शेवटची काही वर्षं ती खालीच, क्रुसाजवळच्या कट्ट्यावर बसून मिस्सा ऐकायची. घंटा वाजली की कपाळाला हात लावून क्रुसाची खूण करायची. वरून उतरणारे लोक तिला पाद्रीबाबांनी काय सांगितलं ते थोडक्यात सांगून पुढं जात.

अडुसष्ट साली मे महिन्यात कायतान गावी आला तो एक बातमी घेऊन. त्याच्या हॉस्पिटलात अमेरिकेत शिकून आलेला एक डॉक्टर होता. फार जाड माणसांचं पोट उघडून तो आतड्याचा मोठा भाग बाजूला ठेवतो आणि उरलेली टोकं जोडतो. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, माणूस उतरतो. कायतानला वाटत होतं, बहीण पुन्हा पायऱ्या चढेल, चार वर्षं जास्त जगेल. त्यानं भीतभीतच सांगितलं. ईडा लगेच हो म्हणाली, तेव्हा तोच दचकला.

वाडीत चर्चा झाली. या वयात बारीक होऊन हिला आता कोण नवरा बघायचाय, असंही कुणी बोललं. ईडानं तेही हसून घेतलं. सगळ्यांना तिनं गुडघ्यांचं कारण सांगितलं. खरं कारण तिनं फक्त रॉकला सांगितलं, तेही तो निरोप द्यायला आला आणि जाऊ नको म्हणून हटून बसला तेव्हा. ते पुढं रॉकनंच माझ्या आईला सांगितलं.

ती म्हणाली, "माज्या आवशीक तुमी होडयेसारखी ओढलास."

रॉकला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला, "जड काय उचलूचां झालां की आमच्या तोंडात तांच येता गो. होडी म्हणजे काय हसण्याची वस्तू? ती आमचो घास."

"कोण तरी हसलो."

"मी हसलंय," तो म्हणाला. "माजो पाय सरकलो. पेटी पडात म्हणान भियालंय. भियालंय म्हणान हसलंय."

ईडानं मान हलवली. "आता कळलां. पण अकरा वर्सां तां माज्या कानात आसा."

"जाव नको. आमी सा जण आसंव. कमी पडलंव तर आठ येतले."

"तांच माका नको रॉका," ती म्हणाली. "चार होये. सगळ्यांका असतत तशे चार."

मुंबईत डॉक्टरनं तिला समोर बसवून नीट समजावलं. हे ऑपरेशन नवीन आहे, त्यानं स्वतः अजून थोडीच केलीत. इतक्या जड शरीराला भूल देण्यातच धोका आहे. निभावलं तरी पोट कायमचं बिघडेल, शौचाला सारखं धावावं लागेल, अशक्तपणा येईल. त्यानं विचारलं, घरातलं काम होतं का? ईडा म्हणाली, होतं. चालता का? चालते, हळू चालते. डॉक्टर म्हणाला, मग बाई, एवढ्यासाठी मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो.

ईडानं क्षणभर हातातल्या रुमालाची घडी केली. मग शुद्ध मराठीत, ऑफिसात बोलतात तसं, ती म्हणाली की दुखण्यानं रात्र-रात्र झोप लागत नाही, जीव नकोसा झालाय. कायतान शेजारी उभा होता. चार दिवस ती त्याच्याच खोलीत झोपत होती आणि गाढ झोपत होती. त्याला ते माहीत होतं. तो बोलला नाही. आपण बोललो तर तिची शेवटची आशा मोडेल, एवढंच तेव्हा त्याच्या मनात आलं. डॉक्टरनं हो म्हटलं.

ऑपरेशन पार पडलं, पण तिचा श्वास नीट चालेना. भूल उतरली तरी ती शुद्धीवर आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी गेली.

गावी तार आली ती तेवढीच: ईडा गेली. चर्चची घंटा झाली. कुणी काही ठरवलं नव्हतं, तरी दुपारी रॉक कोयता आणि घासायला नारळाची सोडणं घेऊन पायऱ्यांवर आला. पाऊस नुकता उघडला होता. त्याच्या मागून बाकीचे आले. खालच्या पायरीपासून त्यांनी शेवाळ खरवडायला घेतलं. संध्याकाळच्या गाडीनं कायतान तिला घेऊन येईल, असं त्यांनी धरलं होतं. एवढ्या लांबून पावसाळ्यात पेटी येत नसते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अर्ध्यावर आले तेव्हा पाद्रीबाबा वरून उतरून आले आणि म्हणाले, दुसरी तार आलीय, कालच मुंबईत तिला माती दिली.

बाकीचे उठले, हात धुतले. रॉक तसाच बसून राहिला, मग त्यानं वरच्या उरलेल्या पायऱ्याही खरवडून काढल्या. घरी गेला तेव्हा अंधार पडला होता. त्याची बायको सांगायची, त्या दिवशी तो जेवला नाही आणि उजव्या खांद्यावर हात ठेवून बसला होता.

कायतान नाताळला आला. मशीनवर तेलाचं फडकं फिरवलं, खिडक्या उघडल्या, आणि आमच्या पडवीत येऊन बसला. मुंबईतल्या दफनाबद्दल तो फार बोलला नाही. हॉस्पिटलची गाडी होती, उतरवून घेणारी माणसं पगारी होती, किती होती ते त्यानं पाहिलं नाही. माझ्या आईनं विचारलं, ती शेवटी काय बोलली?

तो म्हणाला, विशेष काही नाही. सकाळी ऑपरेशनला न्यायला दोन वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आले. तिच्याकडे बघून त्यांनी आणखी दोघांना हाक मारली, आणि चौघंही अस्तन्या वर करू लागले. तेव्हा ती खाटेवर उठून बसली, पाय खाली सोडले आणि म्हणाली, "कायतान, तेंका सांग हात लावू नको. मी माजी चडतंय."