हिराबादच्या घराचा फोटो

उदबत्तीचा धूर नाकात गेला की आजही माझं मनगट दुखल्यासारखं होतं. आखातात, मीना बाजारातल्या कापडाच्या दुकानात मी सेल्समन होतो तेव्हा आमचे म्हातारे सिंधी शेठ देवांबरोबर एका घराच्या फोटोलाही रोज उदबत्ती ओवाळायचे. सिंधमधल्या हैदराबादेतलं, हिराबाद मोहल्ल्यातलं ते घर. छपरावर वारा धरून खाली खोल्यांत सोडणारे उंच मंघ. फाळणीत ते सुटलं तेव्हा शेठ सात वर्षांचे होते. एकदा जूनच्या भर दुपारी आम्ही टॅक्सीने शारजाला निघालो आणि ड्रायव्हर नेमका त्याच, सिंधमधल्या हैदराबादचा निघाला. शेठ पुढे सरकले. “हिराबाद में मंघ हैं अभी?” “हमारी छत पर हैं. दादा हिंदुस्तान से आए, तब ये घर मिला था.” शेठनी माझं मनगट करकचून धरलं. ड्रायव्हरने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवरची त्याची बोटं आवळली गेली. मग त्यानेच हळू विचारलं, “आपका कौनसा घर था, साहब?” शेठ खिडकीबाहेर बघत म्हणाले, “बच्चा था. याद नहीं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटोला उदबत्ती लावलीच. शेठ गेल्यावर दुकान बंद झालं, तेव्हा तो फोटो मी घरी आणला. माझी मुलगी विचारते, “बाबा, हूज हाउस इज धिस?” आणि मी फोटोपुढे उदबत्ती लावतो.