हर्षालीच्या आईवरचा उपचार

मुख्याध्यापिकाबाई हर्षालीला शाळेतून काढून न्या असं म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर दाखला न्या. दुसरीकडे कदाचित रमेल ती."

दोन हजार तीन सालचा जुलै होता. हर्षाली चौथीत होती. बाकावर पाच मिनिटं बसली की सहाव्या मिनिटाला उठायची, दुसऱ्याच्या वहीत डोकवायची, बाईंचा प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळी व्हायची. वजन बेचाळीस किलो. मधल्या सुट्टीत मुलं 'ढोली' म्हणायची. मग ती एखाद्याला ढकलायची आणि तिच्या आईच्या, संध्याच्या हातात शाळेची आणखी एक चिठ्ठी पडायची.

संध्या बी.एस्सी. झालेली. सिडकोतल्या दोन खोल्यांत ती, अंबडच्या कारखान्यात शिफ्टला जाणारा नवरा किशोर, हर्षाली आणि घोटीहून आलेल्या सासूबाई लताबाई. त्या दिवशी शाळेतून घरी येईपर्यंत संध्याने मनातल्या मनात चार शाळा पालथ्या घातल्या आणि चारही ठिकाणी हर्षालीला नकार मिळाल्याचं तिला दिसलं.

गंगापूर रोडवरच्या डॉक्टरबाईंनी हर्षालीला दोनदा तपासलं आणि एडीएचडी आहे असं सांगितलं. म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी थांबता येत नाही. "वजनाचं आणि याचं एकत्रच बघू," त्या म्हणाल्या. "गोळ्यांचं पुढे ठरवता येईल. आधी बारा आठवडे दर गुरुवारी तुम्ही या. मुलीला आणायची गरज नाही."

"आजार तिला आणि शिकवणी मला?" संध्या जरा दुखावूनच म्हणाली.

"तिच्याबरोबर दिवसभर कोण असतं, ताई? मी की तुम्ही?"

पहिल्या आठवड्याचा अभ्यास सोपा होता. जेवणाव्यतिरिक्त हर्षालीने काही खाल्लं की लिहायचं: कोणी दिलं आणि त्याच्या आधी काय झालं. संध्या उत्साहाने लिहायला बसली. येता-जाता नातीच्या हातात तुपाची पोळी देणाऱ्या सासूबाई आता कागदावर पकडल्या जाणार, याची तिला खात्री होती.

आठ दिवसांत अठरा नोंदी झाल्या. त्यांत सासूबाईंच्या पाच. बाकीच्या तेरा संध्याच्या स्वतःच्या. गृहपाठाला बसावी म्हणून क्रीमचं बिस्किट. फोनवर बोलताना गप्प राहावी म्हणून फरसाण. सकाळी उगाच ओरडले, वाईट वाटलं, म्हणून चॉकलेट. एकदाही समोर 'भूक लागली होती' असं लिहिलेलं नव्हतं.

तिने वही किशोरला दाखवली. तो वाचून हसला. "आईला धरायला गेलीस आणि स्वतःच सापडलीस!" मग तिचा चेहरा बघून हळूच म्हणाला, "मीही रविवारी भजी आणतोच की. लिही माझंही."

पुढच्या गुरुवारी डॉक्टरबाईंनी संध्याला तिच्या सूचना म्हणून दाखवायला सांगितल्या. रोजच्या सवयीने ती एका दमात म्हणाली, "दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, डबा बाहेर काढ, कपडे बदल आणि वही घेऊन बस."

"यातलं हर्षालीच्या कानात काय उरत असेल?"

संध्याने विचार केला. "दप्तर."

आता नवा नियम आला. स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एकच गोष्ट सांगायची. ती झाली की लगेच तसं बोलून दाखवायचं. संध्याला स्वतःचंच हसू येत होतं. "छान, दप्तर जागेवर ठेवलंस," हे काय वाक्य झालं? पण पोळ्या लाटता लाटता लताबाई म्हणाल्या, "तुझ्या डाक्टरीणबाईनी बरोबर सांगितलं बघ. भाताच्या आवणीला नवी पोर आली आन् तिला सगळं खाचर दावलं, का ती बांधावर बसून रडती. तिला म्हणायचं, माझ्या पायापास्नं तुझ्या पायापोतर एवढी रोपं लाव. ती झाली का म्होरली."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही मला, आत्या?"

"तू इचारलं का? तू शिकलेली."

चिंचोक्यांची बरणी लताबाईंनीच काढली. सांगितलेलं एक काम झालं की बरणीत एक चिंचोका. वीस झाले की रविवारी पप्पांबरोबर पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या, वर जाऊन पतंग उडवायचा. बक्षीस खाण्याचं नाही, हे डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पहिल्या रविवारी हर्षाली अर्ध्या वाटेवर दोनदा बसली. तिसऱ्या रविवारी किशोरच बसला.

आणि मग संध्याने घोळ केला. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी बरणीत एकोणीस चिंचोके होते. हर्षालीने रंगाचं पाणी इस्त्रीच्या कपड्यांवर सांडलं. संध्याचा तोल गेला. तिने बरणी उचलली आणि सगळे चिंचोके परातीत ओतले. "घे! झालं तुझं पांडवलेणी!"

हर्षाली रडली नाही. ती गव्हाच्या पिंपामागे जाऊन बसली आणि तिथे बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला. पुढचे तीन दिवस कोणी काहीही सांगो, ती ऐकूनच घेईना. "कशाला करू? तू काढूनच घेशील." चौथ्या दिवशी शाळेतून चिठ्ठी आली.

लताबाई सुनेच्या शेजारी येऊन बसल्या. "सकाळी लावलेली रोपं दुपारी राग आला म्हून कोणी उपटतं का गं? सांडलं त्याचं फडकं तिच्या हातात दे. लावलं ते तिचं हाय."

हर्षाली पुन्हा पिंपामागेच बसली होती. संध्याने परात घेतली, तिच्याजवळ गेली आणि खाली जमिनीवर बसली. "हर्षू, माझं चुकलं. हे तू मिळवलेले होते." आई चुकलं म्हणते हे हर्षालीला नवीन होतं. तिने परात पुढ्यात ओढली. मग एकेक चिंचोका स्वतः बरणीत टाकला, एकोणीसच्या एकोणीस. इस्त्रीचे कपडे दोघींनी मिळून धुतले.

त्यानंतर घर हळूहळू वळणावर आलं. बिस्किटांचे डबे घरात येईनात. ताटं टीव्हीपुढून उठून ओट्याजवळ आली. लताबाईंचा हात तुपाच्या वाटीकडे जायचाच, पण तो मध्येच थांबवून त्या विचारायच्या, "भूक हाय का कटाळा आला?" हर्षाली प्रामाणिक होती. "कंटाळा." मग दोघी जिन्यात सागरगोटे मांडायच्या.

शाळेतही संध्या स्वतः गेली. "बासष्ट मुलं आहेत माझ्या वर्गात," वर्गाच्या बाई म्हणाल्या. संध्याने दोनच गोष्टी मागितल्या: एका वेळी एक सूचना, आणि वह्या वाटायचं, फळा पुसायचं काम हर्षालीला. उठायचं तर आहेच तिला, निदान काहीतरी करायला उठू दे. बाईंनी दोन आठवडे करून बघते म्हटलं. पुढे कोणी काही बोललं नाही, पण वह्या हर्षालीच वाटत राहिली, आणि वह्या वाटता वाटता तिला एक मैत्रीणही मिळाली.

शेवटच्या गुरुवारी वजन साडेएक्केचाळीस भरलं. संध्या खट्टू झाली. डॉक्टरबाई मात्र खूश होत्या. "उंची वाढली आणि वजन थांबलं. या वयात एवढं खूप झालं. घरी काटा आणू नका, आणि रविवार सोडू नका."

सहामाहीचा निकाल लागला त्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. हर्षालीला बाहेर बाकावर बसवून संध्या आत गेली. टेबलावर प्रगतिपुस्तक होतं. गणितात काठावर पास, मराठीत बरे मार्क. वर्गाच्या बाईंनी खाली लिहिलं होतं: 'अजून उठते. पण विचारून उठते.'

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. "दाखल्याचं राहू द्या. पण दुसऱ्या सत्रात मला भेटत राहा. तुम्ही काय करता ते आणखी दोन पालकांना सांगायचंय मला."

संध्या बाहेर आली. शिपाई सगुणाबाई बाकाजवळ उभ्या होत्या. "चारदा उठली ओ तुमची पोर. आन् चारदा आपली आपण येऊन बसली."

"मी राहणार का इथेच?" हर्षालीने विचारलं.

"राहणार."

"मग मैत्रिणीला सांगून येऊ?"

संध्याने मान डोलावली, आणि हर्षाली लांबलचक व्हरांड्यातून धावत सुटली.