मावळणीच्या पिशवीतली साडी

मी माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची पिशवी तिच्या पाठीमागे उघडली आणि चार माणसांत तिला चोर ठरवलं. ही चूक माझी एकट्याची आहे. त्या वेळी मला ती चूक वाटली नव्हती, कर्तव्य वाटलं होतं. म्हणून घडलं तसं सगळं सांगतो.

मुलीचं लग्न ठरलं. ती पुण्यात नोकरीला, मुलगाही पुण्यातच, त्याचं घर औंधचं. आमचं गाव कुंडलच्या जवळ. आमच्याकडे लग्नाचे कपडे दोन्हीकडच्यांनी एकत्र जाऊन, एकाच दुकानात बसून घ्यायचे, याला बस्ता म्हणतात. एरवी आमचे बस्ते सांगलीत नाहीतर कराडात होतात. पण मुलगी म्हणाली, "बाबा, पुण्यातच घेऊ, मला सुट्टी मिळत नाही." मग पहाटे जीप ठरवून आम्ही निघालो. मी, बायको, थोरली चुलती, भावकीतल्या दोन बायका आणि आक्का.

आक्का माझी मोठी बहीण. आटपाडीच्या बाजूला दिलेली. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती, आता थोडं डाळिंब आहे, पाऊस झाला तर. आमच्या लग्नात मुलीच्या आत्याला, म्हणजे मावळणीला, मोठा मान असतो. बस्ता घरी आला की गाठोडं देवापुढे ठेवायचं, मावळणीने हळदकुंकू वाहायचं आणि तिनेच गाठ सोडायची. तोवर कुणी हात लावायचा नाही. आमच्या घरात हे काटेकोर पाळतात.

मी फौजेत होतो, आणि त्यातली बरीच वर्षं भांडारात गेली. आलेला माल तपासायचा, दिलेला माल तपासायचा, सही करणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही. रिटायर झालो तरी ती सवय गेली नाही. पुण्यात लक्ष्मी रस्त्याला त्या दुकानाच्या पायऱ्या चढताना ड्रायव्हरने दुकानदाराला हात केला. मला वाटलं, याचं आणि त्याचं साटंलोटं आहे. सेल्समन गादीवर साड्यांचा ढीग घालू लागला. मला वाटलं, दिव्याखाली एक दाखवतील आणि बांधताना दुसरीच देतील. मी एक साडी घेऊन दारापर्यंत गेलो, उन्हात धरली. सेल्समन हसला. "काका, रंग पळून नाही जाणार."

"रंग न्हाई, माणसं पळत्यात," मी म्हणालो. औंधहून आलेल्या विहीणबाई, मुलाची आई, पदरात तोंड लपवून हसल्या. मी मात्र गमतीत बोललो नव्हतो.

विहीणबाईंसाठी आम्ही अंजिरी रंगाची रेशमी साडी काढली. सगळ्या बस्त्यात तीच भारी. विहिणीच्या साडीवरून आमच्याकडे मुलीला जन्मभर ऐकावं लागतं, हे मी माझ्या आईच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. त्यामुळे त्या साडीवर माझा डोळा होता. ती सगळ्या बायकांच्या हातांतून फिरली. आक्काने पदर दोन बोटांत धरून बराच वेळ चोळला.

"लय मऊ हाय रं बारक्या," ती म्हणाली. "लोण्यागत."

तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं. ते मी माझ्या पद्धतीने वाचलं.

बायकोही तिथेच होती. तिनेही साडी अंगावर लावून आरशात पाहिली आणि घडी करून पुन्हा विहीणबाईंच्या ढिगात ठेवली. हे मी पाहिलं होतं की नव्हतं, आता सांगता येत नाही. पाहिलं असेल तरी त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. मुलीच्या आईची साडी आमच्याकडे बस्त्यात घेतच नाहीत. ती तिच्या माहेरून यायची असते. भाऊ मांडवात घेऊन येतो, सगळ्यांसमोर अंगावर घालतो, आणि ती नेसून आई पुढच्या विधीला बसते. म्हणून बायकोच्या साडीचा विषय माझ्या डोक्यात आलाच नाही. तिला भाऊ नाही, आईवडील गेलेले, माहेर म्हणजे एक कुलूप लावलेलं घर आहे, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. तरीही आला नाही.

दुपारी बायका ब्लाउजपीस बघत बसल्या तेव्हा मी अप्पा बळवंत चौकात गेलो. जावयाला एखादं चांगलं पुस्तक भेट द्यावं, असं मनात होतं. पहिल्या दुकानात कागद पातळ वाटला, दुसऱ्यात छपाई फिकट. ही झेरॉक्स काढून बांधलेली पुस्तकं तर नाहीत ना, म्हणून मी तिसऱ्या दुकानात पानं उलटत राहिलो. दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, वाचून झालं असेल तर ठेवा." मी घेतलं आणि निघालो.

परत आलो तेव्हा आक्का आणि माझी मुलगी गादीच्या कोपऱ्यात सेल्समनशी हळू आवाजात बोलत होत्या. मला बघताच तिघंही गप्प झाले. आक्काने कागदात गुंडाळलेलं काहीतरी चटकन आपल्या कापडी पिशवीत सरकवलं आणि वर नातवासाठी घेतलेला टॉवेल दाबला.

"काय घेतलंस गं?" मी विचारलं.

"टावेल," ती म्हणाली. "का, टावेल घ्यायची बी परवानगी लागती व्हय फौजेची?"

सगळे हसले. मुलगी जरा जास्तच हसली. तेव्हापासून माझ्या मनात ते बसलं.

मुलगी पुण्यातच राहिली, औंधकर त्यांच्या गाडीने गेले. दुकानदाराने आमचं गाठोडं पांढऱ्या कापडात बांधून जीपच्या टपावर चढवलं. बांधताना मी समोर नव्हतो, हे मला मागून आठवलं. वाटेत आक्का पिशवी मांडीवरून खाली ठेवीना. साताऱ्याजवळ चहाला थांबलो तर बाथरूमला जाताना पिशवी घेऊन गेली. मी बायकोला म्हणालो, "आक्काची पिशवी बघितलीस? पोत्यागत फुगलीया."

"आवं, असू द्या की. बाईमाणसाचं काय बी असतंय," ती म्हणाली आणि चहा पिऊ लागली.

आता जे लिहितोय ते लिहायला जड जातं. तो टॉवेल भावकीतल्या दुसऱ्या कुणी घेतला असता तर मी ते तिथेच विसरलो असतो. आक्का कोरडवाहू मुलखातली, तिच्या अंगावर दोनच साड्या आलटून पालटून दिसायच्या, म्हणून तिला मोह होणारच, असं मी धरून चाललो. जिने मला कडेवर घेऊन वाढवलं, तिच्याविषयी माझ्या मनात हे होतं. घरी पोचेपर्यंत संशयाची खात्री झाली होती. अंजिरी साडी गाठोड्यात नाही, आक्काच्या पिशवीत आहे. आणि सकाळी ती स्वतःच गाठ सोडणार, त्यामुळे कमी काय आहे हे तिलाच आधी कळणार. मला यातही तिचा बेत दिसला.

सकाळी आक्का अंघोळीला गेली. सोप्यात कुणी नव्हतं. मी पिशवी उघडली. टॉवेल काढला. खाली कागद, कागदात साडी. अंजिरी.

मी ती परत ठेवली असती आणि तिला बाजूला घेऊन विचारलं असतं, तर आज हे लिहीत बसलो नसतो. पण तेवढ्यात थोरली चुलती आणि भावकीतल्या त्या दोघी बस्ता बघायला आल्या. बायको त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. आणि ओले केस पुसत आक्का दारात आली, तेव्हा साडी माझ्या हातातच होती.

"आक्का, ही विहीणबाईंची साडी न्हवं?"

तिने आधी साडीकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"न्हाई."

"मग कुणाची?"

तिने एकदा माझ्या बायकोकडे बघितलं आणि म्हणाली, "आत्ता सांगायची न्हाई."

"सांगायची न्हाई म्हंजे? माझ्या घरातनं, माझ्या पोरीच्या बस्त्यातनं..."

"बारक्या, गप."

"मागितली असतीस तर दिली असती. चोरायची काय गरज हुती?"

चुलतीने कपबशी खाली ठेवली. आक्काने माझ्या हातातली साडी घेतली नाही. टॉवेल उचलला, पिशवीत घातला, चपला घातल्या.

"ऱ्हाऊ दे ती हितंच," ती म्हणाली. "हितलीच हाय."

बायको तिच्या मागे रस्त्यापर्यंत धावली. "वन्सं, आवं वन्सं, चहा तरी..." आक्का थांबली नाही. कुंडलच्या स्टँडवर जाऊन तिने विट्याची गाडी धरली, तिथून आटपाडी.

मला वाटलं, पकडली गेली म्हणून गेली. आणि ते सिद्ध करायला मी देवापुढच्या गाठोड्याला हात घातला.

"आरं, मावळणीबगार सोडतूस व्हय?" चुलती ओरडली. मी सोडलं. पहिली साडी मुलीची. तिच्या खाली, घडीची घडी, दुकानाच्या चिठ्ठीसकट अंजिरी साडी. विहीणबाईंची.

आता दोन अंजिरी साड्या समोर होत्या. चुलती म्हणाली, "मेजर, जुळ्या झाल्या की रं तुला. आता पेढं वाट."

मी मुलीला फोन लावला आणि फोनवर साडीचं विचारलं. तिने उलट विचारलं, "बाबा, आई जवळ आहे का?"

"हाय."

"मग बाहेर जा आणि तिथून बोला."

मी उसाच्या बांधापर्यंत गेलो. ती म्हणाली, "ती आईची आहे. आईने आरशात बघितली आणि परत ठेवली ना, ते आत्तीने पाहिलं. त्याच रंगाची दुसरी काढायला लावली, पैसे स्वतःचे दिले. म्हणाली, हिला भाऊ न्हाई, मांडवात मी तिच्या भावाच्या जागी उभी ऱ्हाते, पण तवापतूर तिला कळता कामा न्हाई. मला शपथ घातली होती." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, तुम्ही काही बोललात का आत्तीला?"

मी फोन ठेवला.

घरात आलो तर बायको ती दुसरी साडी मांडीवर घेऊन बसली होती. तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. ती म्हणाली, "उद्या पयल्या गाडीनं जावा." बाकी दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. आक्का अंगणात शेरडांना पाला टाकत होती. तिने पाणी दिलं, चहा दिला, दाजी कुठे गेलेत ते सांगितलं, डाळिंबावर पडलेल्या रोगाचं सांगितलं. जणू मी सहज आलो होतो. शेवटी मीच म्हणालो, "आक्का, चुकलं माझं."

ती पाला टाकतच राहिली. "बोललास कुठं?"

"घरात."

"कुणापुढं?"

"चार माणसांपुढं."

"मग हितं कुणाला ऐकवतूस? शेरडास्नी?"

"तू येशील का?"

"पोरीच्या लग्नाला येनार. तुझ्यासाठी न्हवं." मग हात झटकून, "ती साडी पेटीत घाल. माझ्या हातनंच जाईल."

परतीच्या एसटीत मी नाना युक्त्या शोधल्या. चुलतीकडे एकट्याने जावं, तिच्याकरवी बाकीच्यांना निरोप द्यावा. किंवा लग्न होऊन जाऊ द्यावं, मग सगळ्यांना जेवायला बोलवून गोड करून टाकावं. भावकीत बातमी केव्हाच पसरली होती. कुणी म्हणत होतं आक्काने दुकानातून साडी चोरली, कुणी म्हणत होतं दोन चोरल्या. मी कुणाचं खोडून काढलं नाही. प्रत्येकाला वाटायचं की मी लाजून गप्प आहे, बहिणीचं पाप झाकतोय. त्यात मला मोठेपणाही मिळत होता, आणि तो मी घेतला. आळ घेण्यापेक्षाही याची मला जास्त लाज वाटते.

हळदीच्या दिवशी आक्का आली. मांडवात बायका भरलेल्या. औंधची माणसं उष्टी हळद घेऊन नुकतीच पोचलेली. विहीणबाई पुढेच खुर्चीवर बसलेल्या. आक्का मांडवाच्या तोंडाशी थांबली. पायांत चपला तशाच. "आत ये की," कुणीतरी म्हणालं. ती हलली नाही. माझ्याकडे बघत होती. बायकाही कुजबुजायच्या थांबून बघू लागल्या. विहीणबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. बोललो तर त्यांना कळणार की आमच्या घरात त्यांच्या साडीवरून काय झालं. आधी औंधच्या मंडळींना चहाला आत नेऊ, मग बोलू, असं एकदा मनात आलं. आक्काने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पाऊल मागे वळवलं.

मी चुलतीला हाक मारली. भावकीतल्या त्या दोघींना पुढे बोलावलं. बायको दारात येऊन उभी राहिली. वाजंत्रीवाल्याला थांबायला सांगितलं. शेवटच्या बाईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोललो.

"बस्त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्या घरात मी माझ्या बहिणीला चोर म्हणालो. तिनं काय बी चोरलं न्हवतं. साडी तिनं माझ्या बायकोसाठी घेतली हुती, कारण तिला मांडवात आहेर आणाय कुणी न्हाई, आणि ही गोष्ट मला नवरा असून सुचली न्हाई. तिची पिशवी मी तिला न इचारता उघडली. त्यानंतर तुमी जे काय बोलत हुता ते खोटं हाय हे मला ठावं हुतं, तरी मी गप बसलो. आक्का, तू गरीब हाईस म्हणून मी तुझ्यावर आळ घेतला. मला माफ कर."