बोअरच्या पाण्याची आमटी

आमच्या शेजारचे रामहरी भाऊजी दूध संकलन केंद्रावर असतात. संगमनेरपासून जवळच आमचं गाव. पहाटेपासून माणसं किटल्या घेऊन त्यांच्यापुढे उभी. भाऊजी दुधाकडे नुसतं बघतात आणि विचारतात, "सहादेव, आज पाणी म्हशीला पाजलं का दुधाला?" मशीन नंतर तेच सांगतं.

एवढ्या बारीक नजरेचा हा माणूस घरी जेवायला बसला की एकच शब्द बोलतो. "बरंय."

करपलं तरी बरंय, खारट झालं तरी बरंय. एकदा वहिनी मीठ घालायलाच विसरल्या, तर हे उठले, डब्यातून मीठ घेतलं, कालवलं आणि म्हणाले, "बरंय."

पुष्पावती वहिनींच्या स्वयंपाकाबद्दल मी खोटं बोलणार नाही. मन मोठं, पण हात घाईचा. कांदा, मसाला, डाळ, पाणी, सगळं एका दमात पातेल्यात. गोठ्यातल्या गाई आणि चुलीवरची आमटी एकाच वेळी सांभाळायची म्हटल्यावर दुर्लक्ष आमटीकडेच होणार. त्यांची इच्छा मात्र साधी होती.

"पंकजा, एकदा तरी ह्यांनी वाटी पुढं सरकवून 'आमटी वाढ' म्हनावं. लग्नात म्हनले हुते. पण ती आचाऱ्यानं केल्ती."

मग सुधारणेला सुरुवात झाली. मुलीनं, निकितानं, मोबाईलवर रेसिप्या लावून दिल्या. त्यातल्या बाईचं स्वयंपाकघर आमच्या देवळाच्या सभामंडपाएवढं. "घरात सहज असणारं साहित्य" असं म्हणून ती जे मांडायची, त्यातलं वहिनींच्या घरात सहज असणारं फक्त मीठ. मग वहिनी तालुक्याला पाककलेच्या वर्गाला जाऊन आल्या. तिथल्या बाईंनी टोमॅटोचं गुलाबाचं फूल करायला शिकवलं. पुढचे काही दिवस बाजरीच्या भाकरीवर गुलाब फुलत राहिला. भाऊजी आधी गुलाब खायचे, मग भाकरी, मग म्हणायचे, "बरंय."

एका दुपारी आम्ही दोघी ओट्यावर भांडी घासत होतो. ठेच्याची वाटी रोजच्यासारखी पुसून काढल्यागत रिकामी. मी म्हटलं, "ठेचा मात्र तुमचा फार आवडतो हं भाऊजींना."

वहिनी हातातली वाटी फिरवून बघत राहिल्या. "आवडतो कसला. आमटी धड असती, तर ठेच्यावाचून घास उतरला नसता का?"

भाऊजींकडे दुधाचं मशीन होतं, वहिनींना ठेच्याची वाटी सापडली. आता माणसाला विचारायचं कामच उरलं नाही. एके दिवशी कांदा चांगला लाल होऊ दिला: ठेचा थोडा उरला. मग खोबरं विस्तवावर भाजून वाटलं: आणखी उरला. काळा मसाला जास्त ढकलला, त्या दिवशी वाटी पुन्हा चाटूनपुसून. मग एका सकाळी घाईत, भाऊजींच्या आंघोळीला तापवलेलं पाणी आमटीत गेलं. आणि आमटीवर असा लालभडक तवंग चढला की वहिनी पळी धरून बघतच राहिल्या. आजवर त्या गार पाणी ओतत होत्या. भाऊजींची आंघोळ त्या दिवशी गार पाण्यानं झाली.

त्या दुपारी वहिनी भरलेली ठेच्याची वाटी घेऊन माझ्या दारात. बोटसुद्धा लागलं नव्हतं तिला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बरंय."

याच सुमारास भाऊजींनी नवीन बोअर घेतला, आणि बोअर बघायला खर्डा गावाहून त्यांचा चुलतभाऊ बिभीषण आला. भाकरी थापायला मदत म्हणून मीही गेले. पहिल्याच घासाला बिभीषण म्हणाला, "वहिनी, आमटी लई भारी झालीया."

भाऊजी मिशा पुसत म्हणाले, "नवीन बोअरचं पाणी हाय. पाण्यालाच चव. डाळ बघ कशी मऊ शिजती."

"व्हय? किती फुटावर लागलं?"

मग पाणी, खडक, मोटार असं बोलणं चाललं ते हात धुवेपर्यंत. वहिनी पळी धरून उभ्या होत्या. मी निघाले तशा म्हणाल्या, "रात्रीला पण ये गं भाकऱ्यांना."

रात्री पानं मांडली. बिभीषणच्या वाटीत तवंगाची आमटी. भाऊजींच्या वाटीत स्वच्छ, नितळ पाणी.

"हे काय?"

"बोअरचं हाय. ताजं. आत्ताच भरलंय."

"आन् आमटी?"

"चव पाण्यालाच हाय म्हनला ना तुमी. मग डाळ कशाला नासायची उगं."

बिभीषणनं ताटात मान घातली ती वर काढेना. भाऊजींनी वाटी उचलली, दुधाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. मग सवयीनं भाकरीचा तुकडा मोडून पाण्यात बुडवला आणि खाल्ला. ओठ मिटले. आता 'बरंय' येणार, असं मला वाटलं. ते आलं नाही. त्यांनी वाटीतलं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामी वाटी हळूच पुढे सरकवली.

"आमटी वाढ."

"काय म्हनला?" वहिनींनी विचारलं. त्यांना स्वच्छ ऐकू आलं होतं.

"आमटी वाढ म्हनलो. तू केलेली."

वहिनींनी तळापासून ढवळून पळी भरली, तवंगासकट वाटीत ओतली. मग भाऊजींच्या ताटाशेजारची ठेच्याची वाटी उचलून फळीवर ठेवून दिली.