आठांतली एक खिडकी

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीतले समस्त रहिवासी, पलीकडच्या पर्वत पाटिया भागात फ्लॅट घेतल्यापासून आम्हाला ओळख न दाखवणारे नातलग, आणि माझ्यासारखेच घर सोडून लांब गेलेले सगळे, यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की सास्काटून, देश कॅनडा, इथल्या आमच्या नव्या घराच्या सात खिडक्या कधीही उघडणार नाहीत. त्या बिघडलेल्या नाहीत, अडकलेल्या नाहीत. आम्ही त्या पसंत करून, सही करून, तशाच घेतल्या आहेत. तरी कृपया कुणी फोन करून "सुताराला विचारून बघू का?" असं म्हणू नये. मामांनी दोनदा म्हटलं आहे.

आठवी खिडकी उघडते. तिच्यासाठी मी जेवढी भांडले तेवढी लग्नासाठीही भांडले नव्हते.

पण आधी मी निघाले तो दिवस सांगते. बावीस वर्षं झाली. मे महिना, दुपारचे बारा, गल्लीतलं डांबर चपलेला चिकटत होतं. रिक्षात दोन मोठ्या बॅगा, त्यांच्यामध्ये माझा नवरा नितीन, आणि उरलेल्या जागेत मी. आप्पा, म्हणजे माझे वडील, खाली आले होते आणि रिक्षावाल्याला स्टेशनचा रस्ता समजावत होते, जणू तोही आमच्याबरोबर परदेशी चालला होता. आई खाली आली नाही. आई दारातून कुणालाच निरोप देत नाही. तिचा सगळा कारभार दुसऱ्या मजल्यावरच्या बारीतून. सुरतेत सगळे खिडकीला बारी म्हणतात, आणि बाकी घर खानदेशातून आलं असलं तरी आमची खिडकी सुरतेचीच होती. रिक्षा सुरू झाली आणि वरून आवाज आला, "कान झाक व माय! रिक्षामा वारा लागस!"

मे महिन्यात. सुरतेत. समोरच्या बारीतून कलाबाईनं, म्हणजे आईच्या सख्ख्या मैत्रिणीनं, लगेच अनुमोदन दिलं, "झाक व, झाक!" गल्ली हसत होती. मी एकोणतीस वर्षांची, पदवीधर, विमानात बसायला निघालेली बाई. मुकाट्यानं ओढणी कानांवरून गुंडाळली आणि तिच्या आत रडून घेतलं. तेवढा तिचा उपयोग झाला.

ज्यांनी आमची गल्ली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची बारी आणि कलाबाईची बारी यांच्यात एका वाटीचं अंतर. आईनं हात लांब केला, कलाबाईनं हात लांब केला, की कढी इकडून तिकडे आणि ठेचा तिकडून इकडे. दोघींची मैत्री तीस वर्षांची, पण एकमेकींच्या घरात त्या वर्षातून चारदा गेल्या असतील. जिने कोण चढणार? खाली भाजीवाला आला की आई दोरीला पिशवी बांधून सोडायची आणि वरूनच त्याच्या वांग्यांचा अपमान करायची. रस्त्यानं जाणारा कुणीही, ओळखीचा असो वा नसो, आईच्या सल्ल्यावाचून पुढे जात नसे. बुटाची लेस बांध. पोराला कडेवर घे. उन्हात डोकं उघडं ठेवू नको.

आणि आप्पा. आप्पा सुरतेबाहेर कडोदऱ्याच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यात तीस वर्षं होते. तिथे खिडक्या होत्या, पण पत्रा ठोकून बंद केलेल्या. वारा आत आला की धागा तुटतो, म्हणून. तीस वर्षं त्यांनी ट्यूबलाइटचा उजेड, कापसाची धूळ आणि मशिनींचा कडकडाट यांत काढली. घरी आले की चप्पल काढायच्या आधी दोन्ही बाऱ्या सताड उघडायचे, मधोमध उभे राहायचे आणि म्हणायचे, "आते घर व्हयनं." आता कुठे घर झालं, असं. पावसात पाणी आत यायचं. तरीही. आई फडकं घेऊन मागे उभी असायची, पण बारी लाव असं तिनं त्यांना कधी म्हटलं नाही.

आप्पा गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती: आईनं माझ्याकडे येऊन राहावं. तिचे गुडघे गेले होते आणि दुसरा मजला काही खाली येणार नव्हता. म्हणून तर आम्ही बैठं घर बांधायला काढलं. जिना नाही, पायरी नाही, आईची खोली दक्षिणेला. मी सगळ्याचा विचार केला होता. खिडक्यांचा सोडून.

खिडक्या विकणाऱ्या बाईचं नाव लिंडा. तिनं नकाशा आणि फॉर्म समोर ठेवला. अकरा खिडक्या. झोपायच्या खोल्यांतल्या तीन उघडायलाच हव्यात, तो कायदा. आग लागली तर बाहेर पडता यावं म्हणून. उरलेल्या आठ आमच्या मर्जीच्या. "फिक्स्ड घ्या," लिंडा म्हणाली. उघडणारी खिडकी म्हणजे सांधा, सांधा म्हणजे फट, आणि वजा तीसमध्ये फट म्हणजे पाहुणा. न उघडणारी काच मोठी घेता येते, ऊन जास्त येतं, कडेला बर्फ धरत नाही. मोकळ्या हवेसाठी भिंतीत यंत्र. ते जुनी हवा बाहेर टाकतं, नवी आत घेतं आणि येता येता तिला ऊबही देतं. नितीन कारखान्यात यंत्रं सांभाळतो. त्या यंत्राचं वर्णन ऐकताना त्याचा चेहरा असा झाला होता की मला क्षणभर मत्सर वाटला.

खरं सांगते, मलाही पटलं. वीस हिवाळे मी भाड्याच्या घरात खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबून काढले आहेत. मी म्हटलं, आठही बंद. फक्त सही बाकी ठेवली, कारण दिवाळीला सुरतेला जायचं होतं आणि आईला नकाशा दाखवायची हौस होती.

नकाशा चादरीवर पसरला. आईनं चष्मा लावला. मी प्रत्येक खोली समजावली आणि मग अभिमानानं म्हटलं, "आणि या खिडक्या उघडतच नाहीत. थंडीचा प्रश्नच नाही!"

आईनं नकाशातल्या एका खिडकीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "बारी उघडत नई, मंग ती बारी कसानी? भीत शे ती."

मी म्हटलं, भिंत कशी, खोलीतली उघडते की. आग लागली तर.

"आन आग नई लागनी तं मंग काय करानं?"

मी यंत्राबद्दल सांगितलं. नितीनकडून शिकलेले सगळे शब्द वापरले. आईनं ऐकून घेतलं. "हवा येई," ती म्हणाली. "मानूस कथाईन येई?"

माणूस कुठून येणार, हे प्रकरण कलाबाईच्या दरबारात गेलं. म्हणजे आईनं नकाशा गुंडाळला आणि बारीतून तिच्या हातात दिला. कलाबाई भाजीला फोडणी देत होती, तिनं पिवळ्या हातांनीच तो तपासला आणि निकाल दिला, "इतल्या बाऱ्या, आन शेजार एकबी दखात नई." नकाशा हळदीच्या अंगठ्यासह परत आला. तो अंगठा नेमका गॅरेजवर उमटला होता, नाहीतर मी त्यातूनही काही शुभसंकेत काढला असता.

मग आईनं नकाशाची घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "तुना बाप तीस वरीस बंद बारीमांगे राहिना. पोरीना घरमा बी तेच का? मी येवाव नई."

ती उठून चहा करायला गेली. मी तिथेच, आप्पा उभे राहायचे त्या जागी बसून, फॉर्म उघडला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपुढची खूण खोडून शेजारच्या चौकोनात नवी केली. उघडणारी. मी थंडीची माहीतगार बाई आहे. बैठकीची, जेवणाच्या टेबलाची, उत्तरेची, अशा सात बंदच ठेवल्या, त्यात भावनेला जागा दिली नाही. पण एक उघडेल, हे पक्कं.

नितीन फोनवर म्हणाला, उत्तर-पश्चिमेचा वारा तिथेच येतो. मी म्हटलं, येऊ दे. तो म्हणाला, शेगडीची ऊब जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. त्यानं वाऱ्याच्या दिशेची आकृती काढून पाठवली. मी तिचं कौतुक केलं आणि फॉर्म नकाशासकट तसाच पाठवला. लिंडानंही विचारलं, नक्की ना? आणि नकाशावर हा पिवळा डाग कसला? मी म्हटलं, आमच्याकडची मंजुरी.

घर उभं राहिलं. आईनं यायचं कबूल केलं आणि महिनाही तिनंच निवडला: जानेवारी. मी हात जोडले, जूनमध्ये ये. पण जन्म सुरतेत गेलेल्या माणसाला जानेवारी म्हणजे पंखा बंद करून बाऱ्या उघडायचे दिवस. प्रवासाला याहून चांगला महिना देवानं केलेला नाही. "थंडीमा येसू," ती म्हणाली. "घाम येत नई, जीव घाबरत नई." वजा तीसमध्ये तिला घाम आला नाही, एवढं मात्र खरं.

पहिल्याच सकाळी, दोन स्वेटर आणि माझा कोट घालून, ती स्वयंपाकघरात गेली आणि रोजच्या सवयीनं बारी उघडली. जे आत आलं त्याला वारा म्हणणं हा सुरतेच्या वाऱ्याचा अपमान आहे. आईनं तापल्या तव्याला लागल्यासारखा हात मागे घेतला, मी धावत जाऊन खिडकी लावली. नितीन खाली मान घालून चहा पीत होता. तो एक शब्द बोलला नाही, पण त्याच्या त्या गप्प बसण्यात बँडबाजा वाजत होता.

नंतर आईनं तिला हात लावला नाही. बैठकीतल्या मोठ्या, न उघडणाऱ्या काचेपुढे खुर्ची घेऊन बसून राहायची. ऊन भरपूर यायचं. लिंडा खोटं बोलली नव्हती. बाहेर शेजारचे वॉल्टर, सत्तरीचे गृहस्थ, रोज फावड्यानं बर्फ काढायचे. आई बांगड्यांनी काच वाजवायची. तीन थरांची काच. तो आवाज दुसऱ्या थरापर्यंतही पोचत नसावा. वॉल्टरनी कधी वळून पाहिलं नाही. अकराव्या दिवशी ती म्हणाली, "माले आते घर जानं शे." नितीन तिकिटं पाहू लागला. मी पोळ्या लाटत राहिले. एवढं भांडून मिळवलेली खिडकी माझ्यासमोर होती, बंद, कडेला बर्फ धरलेली.

लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? पूर्वी मी याचं मोठं सुंदर उत्तर द्यायचे, डोळ्यांत पाणी वगैरे आणून. आता एवढंच सांगते, की मधोमध उभं राहून आप्पांचं ते वाक्य मला जिथे म्हणता येतं, ते. सास्काटूनच्या घरात मी ते एकदाच म्हटलं आहे, बाराव्या दिवशी, वजा अठरात, पिठानं भरलेल्या हातांनी. आई अजून इथेच आहे, तिकीट काढलंच नाही, आणि वॉल्टरकडे आईनं विणलेली लाल कानटोपी आहे. ते कसं झालं, ते सांगून थांबते.

सकाळी आई काचेपुढे बसली होती. वॉल्टर बाहेर आले, डोक्यावर नुसती कॅप, कान डाळिंबासारखे लाल. आईनं काच वाजवली. हातांनी कान दाखवले. ते पाठ करून बर्फ ओढत राहिले. आई उठली. गुडघे धरत स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं, खिडकीच्या कडेवरच्या बर्फाला दोन टोले हाणले, हँडल फिरवलं आणि बारी सताड उघडली. पीठ उडालं. आतून नितीन ओरडला, "आई, हीटर!" आईनं दोन्ही कोपरं चौकटीवर टेकली, कमरेपर्यंत बाहेर झुकली, आणि लिंबायतच्या दुसऱ्या मजल्यावरून यायचा तोच आवाज त्या पांढऱ्याफटक, निर्मनुष्य गल्लीवर सोडला:

"ओ भो, कान झाक! तुले कोनी माय शे का नई?"